मेंदूतील वायुदूत

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात 'मेघदूता'ची कथा सांगण्याचा प्रसंग आला. बाहेर आभाळ भरून आले होते. सुदामा नगरच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे काढण्याची धांदल खिडकीतून दिसत होती. मेघाने वाट थोडी वाकडी करूनही जिचे दर्शन घ्यावे असा यक्षाचा आग्रह होता, ती उज्जयिनी तर आम्हा इंदूरकरांपासून अवघ्या ५५ किलोमीटरांवर. कथा सांगावयास याहून चांगली वेळ कोणती? रामगिरीवर शापाचे दिवस कंठणारा यक्ष, आषाढातील मेघ, त्याच्या स्वाधीन केलेला निरोप, दूरची अलकानगरी, हे सारे सांगून झाले. पुस्तक मिटणार एवढ्यात मागील बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग मेघाने परत येऊन काय सांगितले?"

वर्गात हशा पिकला. मुलगी ओशाळून खाली बसली. "काव्यात तेवढेच आहे," असे म्हणून मीही तास उरकला. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. खरोखरच ते काव्य यक्षाच्या आशीर्वचनापाशी संपते. निरोप पोहोचला किंवा कसे, हे पाठविणाऱ्यास कळतच नाही. याउलट रामायणातील दूत पाहा. हनुमान मुद्रिका घेऊन लंकेस गेला आणि सीतेचा चूडामणी घेऊन परत आला. तो चूडामणी हाती पडला तेव्हाच रामाला पुढे काय करावयाचे ते उमगले. दूताचे निम्मे काम जाण्यात असते आणि निम्मे परत येण्यात.

त्या मुलीने विचारलेला प्रश्न मेंदूच्या अभ्यासकांनाही पडला होता, हे पुढे वाचनात आले. तिला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर मला तेथे सापडले, आणि तेच या लेखात मांडावयाचे आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एका पेशीतून संदेश विजेच्या लहरीप्रमाणे धावतो. परंतु तिच्या टोकाशी येऊन थबकतो. कारण पुढची पेशी तिला चिकटलेली नसते. दोहोंमध्ये एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. या जोडाला चेतासंधी म्हणतात. ती फट संदेश कसा ओलांडतो?

याचे पहिले खात्रीचे उत्तर ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ओटो लोवी यांना मिळाले. त्यांनीच सांगितलेली हकीकत मोठी गमतीची आहे. प्रयोगाची कल्पना त्यांना एका रात्री स्वप्नात सुचली. अर्धवट झोपेत त्यांनी ती कागदावर खरडली, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी मात्र ते तडक उठून प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाची गती त्याच्या चेतेला उत्तेजन देऊन त्यांनी मंद केली आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. तेही मंद झाले. अर्थात, चेतेच्या टोकाशी एखादे रासायनिक द्रव्य सुटत असले पाहिजे. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते द्रव्य ॲसिटिलकोलीन असल्याचे ठरले, आणि १९३६ साली लोवी व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर अशी अनेक दूतद्रव्ये सापडली. त्यांच्या वागणुकीवरून दूताचे जणू नियमच ठरून गेले. दूत आगाऊ तयार करून चिमुकल्या पिशव्यांत साठविलेला असावा. संदेश येताच पिशवी फुटून तो बाहेर पडावा. पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी राखलेले ग्राही असते. किल्ली कुलपात बसावी तसा तो त्यात बसावा. काम झाल्यावर त्याला परत शोषून घ्यावे किंवा मोडून टाकावे. मोहोरबंद लखोटा घेऊन ठराविक दारापाशी जाणाऱ्या टपालवाल्यासारखे हे दूत. त्यांचा प्रवासही एकाच दिशेचा, धाडणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे. मेघासारखाच! पलीकडच्या पेशीने निरोप ऐकला की नाही, हे अलीकडच्या पेशीस कोण सांगणार?

आता क्षणभर खिडकीबाहेर पाहू. माळव्याच्या आकाशात वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेवरील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते. एरवी हवेतील नत्रवायू आणि प्राणवायू शेजारी असूनही एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. एवढ्या उष्णतेत मात्र त्यांचे रेणू फुटतात आणि नत्राचा एक अणू व प्राणवायूचा एक अणू मिळून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. पुढे हवेत त्याचे रूपांतर होत होत पावसाबरोबर तो नत्राच्या क्षारांच्या रूपाने जमिनीत उतरतो व पिकांना उपयोगी पडतो. मोटारींच्या इंजिनांत आणि कारखान्यांच्या भट्ट्यांतही हाच वायू तयार होतो. तेथे मात्र तो हवा दूषित करतो.

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तांब्यावर सौम्य नत्राम्ल घातल्यावर निघणारा वायू तो हाच. तो स्वतः रंगहीन आहे. परंतु परीक्षानळीच्या तोंडाशी हवा लागताच त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो आणि तपकिरी धूर दिसू लागतो. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ साली याचा अभ्यास केला आणि हवा किती शुद्ध आहे हे अजमावण्यासाठी त्याचा उपयोग केला. गुंगी आणणारा जो 'हास्यवायू' तुम्ही ऐकला असेल तो नायट्रस ऑक्साइड. त्यात नत्राचे दोन अणू असतात. नावे सख्ख्या भावंडांसारखी असली तरी स्वभाव अगदी निराळे. तेव्हा घोटाळा करू नये.

असा हा धुराच्या कुळातील वायू आपले शरीर स्वतः तयार करीत असेल, ही कल्पना कोणाच्या मनात येणार? ती एकाएकी आलीही नाही. तिचे तुकडे निरनिराळ्या टेबलांवर कित्येक वर्षे पडून होते.

पहिला तुकडा औषधाच्या बाटलीत होता. हृदयाच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीन हे औषध एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. याच स्फोटक द्रवापासून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनविले व संपत्ती मिळविली, आणि आयुष्याच्या अखेरीस, १८९६ साली, वैद्यांनी त्यांना तेच नायट्रोग्लिसरीन औषध म्हणून सांगितले! आजही छातीत कळ येताच जिभेखाली ठेवावयाची गोळी अनेक घरांतील वडीलधाऱ्यांजवळ असते. ती याच जातीची. पण तिचा गुण कशाने येतो? १९७७ साली अमेरिकेत अर्नोल्ड, मित्तल, कात्सुकी आणि मुराद या चौघांनी दाखविले की नायट्रिक ऑक्साइड पेशींतील ग्वानिलेट सायक्लेज नावाच्या एंझाइमाला, म्हणजे विकराला, चेतविते. नायट्रोग्लिसरीनही तोच परिणाम घडविते, असे या गटाला त्याच सुमारास आढळले.

दुसरा तुकडा जपानात होता. त्याच १९७७ साली तेथील संशोधकांनी मेंदूतील या एंझाइमावर नायट्रिक ऑक्साइड सोडून पाहिला आणि ते जागे झाले. ताकेओ देगुची यांना उंदराच्या मेंदूतच या एंझाइमाला चेतविणारा एक अज्ञात घटक आढळला. १९८२ साली त्यांनी व योशिओका यांनी तो ओळखलाही. तो होता आर्जिनीन, म्हणजे डाळी, दूध, दाणे यांतील प्रथिनांमधून मिळणारे एक साधे ॲमिनो आम्ल. आर्जिनिनाच्या रेणूत नत्राचे अणू असतात. 'मेंदू आर्जिनिनापासून नायट्रिक ऑक्साइड बनवितो', हे वाक्य आता फक्त लिहावयाचे बाकी होते. पण ते कोणीच लिहिले नाही. धुरातील वायू आणि मेंदू या दोन गोष्टी एका वाक्यात बसतील असे कोणाला वाटलेच नाही.

तिसरा तुकडा न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांना सापडला. सशाच्या रोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करताना त्यांना दिसले की रोहिणीचे आतील नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलिनाने ती सैलावते. अस्तर खरवडले गेले तर सैलावत नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटत होते. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे १९८७ साली इंग्लंडमध्ये साल्व्हादोर मोंकादा यांच्या गटाने आणि अमेरिकेत लुई इग्नारो यांच्या गटाने दाखवून दिले. रक्तवाहिन्यांतील या कार्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. डायनामाइटच्या पैशातून ठेवलेले पारितोषिक डायनामाइटच्याच वायूच्या शोधाला मिळावे, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

आता मेंदूकडे वळू. १९८८ साली लिव्हरपूल येथे जॉन गार्थवेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान वयाच्या उंदरांच्या अनुमस्तिष्कातील, म्हणजे मागील लहान मेंदूतील, पेशी घेतल्या. ग्लुटामेट हे मेंदूतील सर्वांत प्रचलित उत्तेजक दूतद्रव्य होय. त्याच्या एका विशिष्ट ग्राहीला चेतविताच या पेशींतून रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटणाऱ्या द्रव्यासारखेच द्रव्य बाहेर पडले. पुढच्याच वर्षी बाल्टिमोर येथे सॉलोमन स्नायडर आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड ब्रेट यांनी या मताला पुष्टी दिली. मग ते दोघे हा वायू तयार करणारे एंझाइम शुद्ध स्वरूपात मिळविण्याच्या मागे लागले. पण काय आश्चर्य! जो जो शुद्ध करावे तो तो ते निकामी होई. अखेर लक्षात आले की शुद्ध करताना त्याचा जोडीदार, कॅल्मोड्युलिन नावाचे प्रथिन, धुऊन जात होता. तो परत मिसळताच एंझाइम कामाला लागले. हे १९९० साली प्रसिद्ध झाले, आणि या जोडीदारानेच त्या यंत्रणेची किल्ली दाखवून दिली.

ती यंत्रणा अशी. पहिली पेशी ग्लुटामेट सोडते. ते दुसऱ्या पेशीच्या ग्राहीवर बसते, दार उघडते आणि कॅल्शियम आत शिरते. कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला बिलगते. ती जोडी एंझाइमाला जागे करते. एंझाइम आर्जिनिनाचे सिट्रुलिनात रूपांतर करते, आणि त्या क्रियेत नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो. सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पडले, कारण ते प्रथम कलिंगडात आढळले होते. विजेला ज्या वायूसाठी हजारो अंशांची उष्णता लागते तो वायू आपल्या पेशी शरीराच्या ३७ अंशांत, काहीही न जाळता, तयार करतात! कृती अर्थातच निराळी. पण निघणारा रेणू मात्र तोच.

आता या दूताची वागणूक पाहा. जुन्या नियमांपैकी एकही तो पाळीत नाही. तो पिशव्यांत साठवून ठेवता येत नाही. गरज पडेल तेव्हा त्या क्षणी बनवावा लागतो. त्याला दार लागत नाही, कारण त्याचा रेणू इतका लहान की पेशीचे आवरण त्याला आवरणच वाटत नाही. शेजारच्या घरात फोडणी पडली की तिचा वास जसा कोणाला न विचारता आपल्या घरी येतो, तसा तो चहूकडे पसरतो. पृष्ठभागावरील कुलपाचीही त्याला गरज नाही. पेशीच्या आत असलेल्या ग्वानिलेट सायक्लेजमध्ये लोहाचा एक अणू असतो. हा वायू थेट त्यालाच जाऊन बिलगतो. त्यामुळे पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचे द्रव्य वाढते आणि तिचे वर्तन बदलते. त्याला परत शोषून घेणारीही यंत्रणा नको. काही सेकंदांच्या आत त्याचे दुसऱ्या पदार्थांत रूपांतर होते. अल्प आयुष्यामुळेच त्याचा निरोप शेजारापलीकडे पसरत नाही.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. हा वायू तयार होतो तो निरोप ऐकणाऱ्या पेशीत. आणि चहूकडे पसरत असल्यामुळे निरोप धाडणाऱ्या पेशीकडे उलटही जाऊ शकतो. "तुझे बोलणे पोहोचले, पुन्हा असेच बोल," असे उत्तर तो नेत असेल काय?

हा प्रश्न स्मरणशक्तीच्या संदर्भात फार मोलाचा ठरला. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ साली सशाच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागात असे दाखविले होते की एखाद्या चेतासंधीवरून जोराने व वारंवार संदेश गेले की ती संधी नंतर कित्येक तास अधिक बळकट राहते. शिकणे म्हणजे मेंदूत काय होते, याचा हा एक धागा. पण ही बळकटी दोन्ही बाजूंनी यावयाची तर ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला काही कळविले पाहिजे. १९९१ साली एरिन शूमन व डॅनियल मॅडिसन यांनी नायट्रिक ऑक्साइड तयार होणे थांबविले, तेव्हा ही बळकटी आली नाही. दुसरी युक्ती तर फारच सुंदर होती. रक्तातील हीमोग्लोबिन या वायूला चटकन पकडते, परंतु त्याचा रेणू मोठा असल्यामुळे पेशीत शिरू शकत नाही. ते पेशींच्या बाहेरील जागेत सोडले असता बळकटी कमी पडली. म्हणजे उत्तर घेऊन निघालेला दूत वाटेतच अडविला गेला होता.

यावरून सर्व शास्त्रज्ञांचे एकमत झाले असे मात्र समजू नये. प्राण्याचे वय, तापमान, मेंदूचा भाग बदलला की प्रयोगाचे निष्कर्षही बदलले. उलट दिशेने उत्तर नेणारी मेंदूतील इतर द्रव्येही २००१ सालापासून स्पष्टपणे ओळखली गेली आहेत. नायट्रिक ऑक्साइड हा एकटाच उत्तर नेतो, असे नव्हे. तो तसे करणाऱ्यांपैकी एक आहे. संवादात परतीची वाट असते, ही गोष्ट मात्र पक्की झाली.

या दूताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, ज्याला आपण पक्षाघाताचा झटका म्हणतो, की ग्लुटामेटचा पूर येतो, कॅल्शियम बेसुमार आत शिरते आणि हा वायूही प्रमाणाबाहेर तयार होतो. सुपरऑक्साइड नावाच्या दुसऱ्या पदार्थाशी संयोग पावून त्यातून पेशींना जाळणारे घातक द्रव्य निपजते. चेतापेशींतील हे एंझाइम ज्यांच्यात मुळातच नाही, असे उंदीर बोस्टनमधील शास्त्रज्ञांनी तयार केले होते. १९९४ साली आढळले की अशा झटक्यानंतर त्यांच्या मेंदूची हानी इतर उंदरांपेक्षा कमी होते. तेव्हा या वायूला शहाणे म्हणावे की दुष्ट? दोन्ही म्हणणे चुकीचे. पदार्थ एकच; किती, कोठे आणि केव्हा, यावर तो दूत ठरतो किंवा विष. माळव्यातील शेतकऱ्याला हे पावसाच्या बाबतीत सांगावे लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, या साऱ्या हकीकतीत मला दोन गोष्टी विशेष वाटल्या. पहिली ही, की १९७७ ते १९८२ या काळात सत्याचे बहुतेक तुकडे हाताशी असूनही ते जुळले नाहीत. माणसे हुशार नव्हती असे नाही. दूत कसा असावा याचे चित्र त्यांच्या मनात आधीच पक्के झाले होते, आणि धुरातील वायू त्या चित्रात बसत नव्हता. म्हणून ज्या प्रश्नाला सारा वर्ग हसतो, तो प्रश्न टाकून देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेच. पण त्या दिवशी तास उरकणाऱ्या शिक्षकाने अधिक लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट शिकण्याविषयी. वर्गात आम्ही शिक्षक बोलतो, तुम्ही ऐकता. "समजले ना?" असे विचारले की सारा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो, आणि उत्तरपत्रिका हाती येईपर्यंत काय पोहोचले आणि काय वाटेत सांडले, हे कळत नाही. घरोघरी आईवडिलांचा अनुभवही फारसा निराळा नसेल. मेंदूतील दोन पेशींमधील नाते परतीच्या निरोपाने बळकट होत असेल, तर शिकविणारा आणि शिकणारा यांचे नाते एकतर्फी बोलण्याने कसे बळकट होईल? तुमची शंका, तुमचा "नाही समजले" हा शब्द, तुमचे वेडेवाकडे वाटणारे प्रश्न हेच ते उत्तर. ते साठवून ठेवता येत नाही. त्या क्षणी निघाले तरच उपयोगी पडते. थोडा वेळ गेला की विरून जाते.

पुढच्या आषाढात पुन्हा आभाळ भरून येईल, आणि नववीच्या नव्या वर्गाला मी पुन्हा यक्षाची कथा सांगेन. या वेळी पुस्तक मिटण्यापूर्वी मीच विचारणार आहे, की मेघाने परत येऊन काय सांगितले असेल? उत्तरे कशीही येवोत. ती पुरी ऐकल्यावाचून तास संपणार नाही.